इंदूबाईची चढाई

इंदूबाई आपल्या भासऱ्याला जेवायला बोलवायची ती तांब्यावर वाटी वाजवून. एकदा वाजली की ताट वाढलंय, दोनदा वाजली की आंघोळीचं पाणी काढलंय. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या धानपट्ट्यात धाकट्या भावाच्या बायकोनं त्याच्यापुढं पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी सावली गावच्या बाजारातल्या शिंप्याची, मुसलमानाची मुलगी. पडद्याचे प्रकार आमच्याकडेही कमी नाहीत, तेव्हा मला हसायचा काही हक्क नव्हता. तरी ते वाटी वाजवणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खो खो हसले.

"इंदूबाई, तू मुकी आहे का वो?"

"घरी मुकी. मैदानात ये, मग सांगतो," ती म्हणाली.

मैदानात तिचा आवाज बाजार ओलांडून जायचा. आम्ही चौदा-पंधराजणी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कबड्डी खेळायचो. त्यात लग्न झालेली ती एकटीच. अब्बांनी तिला पायघोळ पँट शिवून दिली होती, वर सैलसर सदरा. ती चढाईला निघाली की दुकानात मशीन चालवता चालवता अब्बा म्हणायचे, "लो, आ गई इंदू." अंगानं किरकोळ, काळीसावळी, पायात भाताच्या रोवणीच्या चिखलाच्या भेगा. पण समोरच्या बाजूच्या सातजणी तिला बघून आधीच मागं सरायच्या. "जानं सोपं आहे वो, कोनीबी जाते. परत येनं हाच खेळ आहे," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि आम्ही धापा टाकायला लागलो की म्हणायची, "दम पोटात ठेवा पोरींनो, छातीत ठेवसाल त सांडून जाईन."

तिचा नवरा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत. महिन्यातून एकदा यायचा, झोपायचा, जायचा. घर चालायचं भासऱ्याच्या शब्दावर. त्याचं नाव मारोतराव. धान पिकवणारा, धिप्पाड, मोठ्यानं बोलणारा आणि शंकरपटाचा वेडा. बैलांच्या शर्यतीसाठी हा माणूस सासऱ्याच्या तेरवीतून उठून गेला होता, असं गावात सांगतात. इंदूबाई माहेरी कबड्डी खेळायची हे त्याला लग्नानंतर कळलं, आणि तिला मैदानात परत धाडलं ते त्यानंच. आपल्या गावाहून सावलीला येताना बंडीत ती मागं, पाठ फिरवून बसायची, हा पुढं बैल हाकायचा. सावलीत आला की अब्बांच्या दुकानात मैदानाकडं पाठ करून चहा प्यायचा. भावजयीला पँटीत बघणं बरं नाही म्हणून. पण कान सगळे तिकडंच. "मास्टर, कशी खेळून राह्यली आमची बाई?" अब्बा म्हणायचे, "खुद देख लो ना भाऊ." मारोतराव जीभ चावायचा.

त्र्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास आमचे कबड्डीचे सर मैदानात आले ते हातात वर्तमानपत्र नाचवत. देशभरातल्या खेळाडूंची ती मोठी स्पर्धा पहिल्यांदाच आपल्या राज्यात भरणार होती, तिकडं पुण्याला. राज्याच्या मुलींच्या संघासाठी आमच्या बाजूची निवड चंद्रपूरला होणार होती. "इंदू चंद्रपूरला गेली की समजा पुण्याला गेली," सर म्हणाले. त्यात कोणालाच शंका नव्हती. मला स्वतःबद्दल होती, पण मला कोण विचारतं.

इंदूबाईची सासू म्हणाली, कापणीच्या दिवसांत कोणी कुठं जायचं नाही. मारोतराव अंगणातून ओरडला, "पूरा देश आपल्या घरी येऊन राह्यला, अन् आपल्याच घरची पोरगी चुलीपाशी बसन का? मी घेऊन जातो तिले चांद्याले." चंद्रपूरला आमच्याकडं अजून चांदाच म्हणतात. उभं धान मजुरांवर टाकून तो निघाला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. एसटीत तो पुढं, आम्ही मागं. इंदूबाई वाटभर बोलली नाही. एकदाच माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सुरैया, मले पुना पाहाचा आहे वो." एवढं मागताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

चंद्रपूरला मैदान चुन्यानं आखलेलं होतं. खुर्च्यांवर निवड करणारी मंडळी, भोवती गर्दी. इतक्या लोकांत आपणही पाहिलं तर काय बिघडतं, असं मारोतरावाला वाटलं असावं. इंदूबाईची पहिली चढाई. आवाज घुमवत ती गेली, एका पोरीला टिपलं, दुसरीच्या मागं खोल शिरली. आणि तिथं, समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडं, पटका बांधून मारोतराव उभा होता. हात पसरून.

शंकरपटात जोडी सुटली की मालक शेवटाला जाऊन उभा राहतो. "जनावर मालकाच्या तोंडाकडं पाहून पळते," असं तो नेहमी सांगायचा. बाईमाणूस आणि बैल यांत फरक असतो हे त्याला कोण सांगणार? तो बिचारा तिला बळ द्यायला उभा होता.

इंदूबाईचा आवाज तुटला. दिवा विझावा तसा. हात डोक्याकडं गेला, पदर ओढायला, आणि पदर तर नव्हताच. दोघींनी तिचे पाय धरले. धरायची गरजही नव्हती, आवाज तुटला म्हणजे चढाई संपलीच. पंचांनी बोट वर केलं.

पुढच्या चढाईतही तेच. त्याच्या नजरेच्या पट्ट्यात शिरली की तोंड मिटायचं. मला तोवर कळलं होतं. मी मनात म्हटलं, आता मध्यंतर होईल, बाजू बदलतील, सुटेल पोर. बाजू बदलल्या आणि मारोतराव गर्दीतून वाट काढत, पटका सावरत, अख्ख्या मैदानाला वळसा घालून पुन्हा तिच्या समोर येऊन उभा राहिला.

मी त्याला हटवायला निघाले, तर इंदूबाईनं मनगट धरलं. तिची बोटं रुतली.

"नोको."

"अगं वेडे, पुणं जाते तुझं!"

"उभं धान टाकून आले ते. त्याईनंच आनलं मले. आता त्याईलेच हटवू का? नोको सांगू."

ती पुन्हा गेली, पुन्हा मुकी झाली. संध्याकाळी नावं वाचली. तिचं नव्हतं, माझंही नव्हतं. माझं नाव न निघाल्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर कशाचंच काही वाटलं नाही. आम्ही स्टँडवर बसून भजी खाल्ली. मारोतरावच तेवढा रडला, मोठा माणूस, पटक्याच्या टोकानं नाक पुसत. "दम कमी पडला बाईचा. काई हरकत नाई. पोटभर खाऊ घालू, पुढच्या टायमाले पाहू." पुढची वेळ कुठली? देश काही दरवर्षी आपल्या घरी येत नसतो.

स्पर्धा सुरू झाल्या त्या दिवशी मारोतरावानं बंडी भरून माणसं आमच्या दुकानी टीव्ही बघायला आणली. झेंडे, संचलन, आतषबाजी. इंदूबाई आतल्या दाराआड माझ्या अम्मीशेजारी बसून बघत होती. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, "नाई. काईच नाई वाटत. तेच त समजून नाई राह्यलं." मग अम्मीबरोबर वाटाणे सोलायला लागली. मैदानात ती पुन्हा आली नाही. मारोतराव मात्र वर्षानुवर्षं येईल त्याला सांगत राहिला, "आमची बाई पुन्याले जाणार होती, पन दम कमी पडला." ती आतून ऐकायची. मला संताप यायचा. तिला येत नसावा.

बारा-तेरा वर्षं गेली. मी त्यांच्याच गावच्या शाळेत मास्तरीण झाले होते. एका दुपारी अंगणात इंदूबाई आपल्या मुलीला दम धरायला शिकवत होती. "असा नाई, हा असा," म्हणून तिनं स्वतः सुरुवात केली. थांबेचना. मुलगी हसायला लागली, मी हसायला लागले, तरी हिची 'कबड्डी कबड्डी' चालूच. कुडाच्या कुंपणापलीकडं मारोतराव शेतावरून येऊन उभा होता, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. कौतुकानं तो फाटकातून आत आला, आणि तिचा आवाज जागच्या जागी तुटला. हात पदराकडं. ती आत पळाली.

मारोतरावानं दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळला. "सुरैयाबाई, चांद्याले मी समोर उभा होतो म्हनून का?"

मी मान खाली घातली.

तो दारापाशी गेला. आत गेला नाही, उंबऱ्याबाहेरच बसला, पाठ करून. म्हणाला, "बाई, बोल न माह्यासंग. काईबी बोल. शिव्या दे, पन बोल." बराच वेळ बसला. गुरं घरी आली. आतून काही आलं नाही. शेवटी उठून बैल बांधायला गेला. इंदूबाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तोंड उघडलं होतं वो म्या. आवाजच नाई निंगाला." त्यानंतर तो शंकरपटाला गेला नाही. 'दम कमी पडला' हेही कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, रोवणी चालू असताना, मारोतराव बांधावरच गेला. मी पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. बायका रडत होत्या. इंदूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पदर नाकापर्यंत. उचलायची वेळ आली तशी ती पुढं झाली, त्याच्या डोक्याशी बसली, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिरडी बांधणारे थांबले.

"भाऊ! दम होता जी माह्यापाशी! नोता सरला दम!"

पुन्हा पुन्हा तेच. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी नुसती त्याच्याकडं बघत होते. त्याच्या कानांत तोवर कापूस घातलेला होता.