भिंतीपलीकडचे देव

एका सकाळी आप्पा, माझे वडील, परसातल्या संडासाकडे जाताना पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशननंतर ते वॉकर घेऊन घरी आले, तेव्हा पुण्याहून आलेल्या दादाने त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "परसात जाणं बंद. पुन्हा पडले तर मी विचारत बसणार नाही, घेऊन जाणार."

"चौथ्या मजल्यावर बसून काय करू? कावळं मोजू व्हय?" आप्पा म्हणाले. कोल्हापूर सोडून ते कधी कुठे राहिले नव्हते.

दादाने स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत कमोड बसवून घेतला. दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावले, उंची आप्पांच्या गुडघ्याला लावून बघितली. आई असती तर तिने मिस्त्रीला पहिल्याच दिवशी थांबवलं असतं. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आप्पांनी दारातूनच पाहिलं. कमोडमागच्या भिंतीकडे बोट केलं.

"ह्याच्या पलीकडं काय हाय?"

"देवघर," मी म्हणाले.

"मग देवाच्या पाठीला पाठ लावून बसू व्हय मी?"

दादा परतला आणि आप्पा परसातच जाऊ लागले. पावसाळा होता. मी फरशीवरचं शेवाळ घासायची, ते पुन्हा धरायचं. आप्पा हात धरू देत नसत. मी छत्री घेऊन मागे चालायची आणि वॉकर पुढे टेकल्याचा आवाज आला की मगच पाऊल टाकायची. रविवारी दादाचा फोन आला की आप्पाच घेत. "झकास हाय की."

एकदा वॉकर घसरला. आप्पांनी कपड्यांची तार पकडली आणि तसेच लोंबकळत राहिले.

"आप्पा, ह्या वयात झोका व्हय?" कुंपणापलीकडून शेजारच्या काकी म्हणाल्या. मग आप्पांचा चेहरा पाहून धावत आल्या. आम्ही दोघींनी त्यांना खाली बसवलं.

"पुण्याला कळवू नगो," ते काकींना म्हणाले.

संध्याकाळी मी म्हणाले, "देव हलवूया का?"

"तुझ्या आईनं मांडल्यात."

पुढचे काही दिवस ते परसात जात राहिले, मी मागे.

मग एका सकाळी अंघोळ करून ते देवघरासमोर खुर्चीवर बसले. "एकेक दे," म्हणाले. मी देवांचे चांदीचे टाक त्यांच्या हातात दिले. प्रत्येक टाक पुसून त्यांनी मांडीवरच्या ताटात ठेवला, फार सावकाश. ताट मी सोप्यात, रस्त्याकडच्या खोलीत, नेलं.

"ज्योतिबा डोंगरावर वाऱ्यापावसात ऱ्हातोय. त्याला सोप्यात काय हुतंय," ते म्हणाले.

दुपारी ते आतल्या संडासात गेले. मी दाराबाहेर उभी राहिले.

"जा की कामाला," आतून आवाज आला.

आप्पा पुण्याला गेले नाहीत. काही वर्षांनी त्याच घरात, झोपेत गेले. आता तिथे मी एकटी राहते. सकाळची पूजा मी सोप्यातच करते.