शिरेत डुलणारी गुठळी

"काकू, हात काढा! त्या पायाला हात लावू नका," मी एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरची रिसेप्शनिस्ट आत डोकावली.

मंदारच्या आई दचकल्या. लेकाची पोटरी ठणकत होती म्हणून त्या चोळायला गेल्या, इतकंच. ठाकुर्लीच्या आमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मंदार टेबलावर आडवा होता. ऐन पंचविशीतला, घोडबंदर रोडवरच्या आयटी कंपनीत नोकरीला. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, आणि आजार उसळला की शौचावाटे रक्त. या वेळी तो चांगलाच उसळला होता आणि मंदार अंथरुणाला खिळला होता. त्यात डावा पाय सुजला. घरच्यांनी निदान करून टाकलं, शिरेवर शीर चढली. आमच्याकडे या निदानाला डिग्री लागत नाही. शीर उतरवणाऱ्या मावशींना संध्याकाळी यायला सांगूनही झालं होतं. पण पोटाच्या डॉक्टरांच्या कानावर सूज गेली आणि त्यांनी "आधी डॉपलर करा" म्हणून दटावलं, तेव्हा ही मंडळी माझ्याकडे आली.

डॉपलर म्हणजे शिरांमधलं रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी. काम तसं साधं. प्रोबने, म्हणजे यंत्राच्या अंगावर फिरवायच्या दांड्याने, शिरेवर हलकंसं दाबायचं. निरोगी शीर चपटी होते. आत रक्ताची गुठळी असेल तर होत नाही. मंदारची गुडघ्यामागची शीर चपटी झाली नाही. मी वर मांडीकडे सरकले आणि दाबायचं सोडून नुसती बघत राहिले. गुठळीचं वरचं टोक शिरेत मोकळं होतं आणि रक्ताच्या प्रवाहात संथ डुलत होतं. इतकी वर्षं या अंधाऱ्या खोलीत काढली, तरी अंगावर काटा आला. सुंदर म्हणायची लाज वाटते, पण दिसत होतं सुंदर. ते टोक सुटलं तर हृदयातून थेट फुफ्फुसात जाणार, आणि मुलगा माझ्या टेबलावरच संपणार. नेमका तेव्हाच काकूंचा हात पोटरीवर गेला होता.

"मंदार, दम लागतो का?"

"जिना चढताना लागलेला थोडा. वीकनेस असेल ना, मॅडम? एवढं रक्त जातंय."

"उठू नकोस. स्ट्रेचर मागवते."

मी पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "लगेच ॲडमिट करू. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आजच सुरू." फोन स्पीकरवर होता. काकू उसळल्या.

"अहो डॉक्टर, पोराचं रक्त आधीच वाहतंय, आणि तुम्ही ते अजून पातळ करणार? मारताय का त्याला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. भलेभले इथे अडखळतात.

"काकू, आतड्याला अशी सूज आली की अख्ख्या अंगातलं रक्त गोठायला टपलेलं असतं," सर म्हणाले. "त्यात तो झोपून, अंगातलं पाणी कमी झालेलं. आतड्यातून जाणारं रक्त आपल्याला दिसतंय, त्यावर लक्ष ठेवता येईल. गुठळी सुटली तर काही करायला वेळच मिळणार नाही."

काकूंनी मंदारकडे बघितलं. मग म्हणाल्या, "द्या," आणि पर्समधून मोबाइल काढून त्यांनी मावशींना येऊ नका म्हणून सांगितलं.

सीटी स्कॅनमध्ये एक बारीक तुकडा फुफ्फुसात आधीच पोचलेला निघाला. मोठी गुठळी मात्र जागेवर होती. इंजेक्शनं सुरू झाली, आतड्याची सूज उतरवणारी औषधंही. रक्त जाणं वाढलं नाही. उलट आतडं शांत होत गेलं तसं ते थांबलं.

काही महिन्यांनी मंदार पुन्हा डॉपलरला आला. गुठळी जवळजवळ नाहीशी झालेली. औषध तिला फक्त वाढू देत नाही. विरघळवली ती त्याच्याच शरीराने. जे रक्त गोठून त्याच्या जिवावर उठलं होतं, तेच गुपचूप गुठळी साफ करत बसलं होतं. स्क्रीनपुढे हात जोडावेसे वाटतात अशा वेळी, आणि मी मनातल्या मनात जोडलेही.

"म्हणजे आता संपलं ना, मॅडम?"

"नाही रे. कोलायटिस आहे तोवर हा धोका आहेच. आजार उसळला, लांबचा प्रवास निघाला, कुठलं ऑपरेशन ठरलं, की आधी सरांना विचारायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एक पाय सुजला किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठायचं."

त्याने मान डोलावली. चेहरा उतरला होता, पण ऐकत होता.

तेव्हापासून आतड्याच्या सुजेचा पेशंट पोटाच्या सोनोग्राफीला आला, की मी आधी त्याच्या पायांवरची चादर बाजूला करते. पेशंट म्हणतात, "मॅडम, पोट दुखतंय."

मी म्हणते, "माहीत आहे. पाय दाखवा."