निकम, पण कोणते?

समीक्षा निकम मूळची भडगावची. धुळ्याच्या जुन्या दप्तरखान्यात ती कंत्राटावर आहे आणि दर रविवारी लोकांना फिरवून इतिहास सांगते. मी तिथला शिपाई. खुर्च्या मांडता मांडता तिचं भाषण मला पाठ झालंय. शेवटी ती इंग्रजांच्या काळातला एक अर्ज दाखवते. वेशीबाहेरच्या आमच्या लोकांना गावविहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याबद्दलचा. मग दप्तरखान्याच्या आमच्या साहेबांनी लिहून दिलेलं वाक्य म्हणते, "तो काळ आता गेला."

मागच्या महिन्यात जळगावहून आलेल्या एका नानांनी या वाक्याला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मग जवळ येऊन म्हणाले, "निकम म्हणजे आपल्यातल्याच की. इतिहास रक्तात असावा लागतो." पुतण्यासाठी मुलगी बघतोय, हेही सांगून टाकलं. खानदेशात निकम मराठ्यांत असतात तसे बौद्धांतही असतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

समीक्षाने त्यांना पेला भरून पाणी दिलं.

"कुलदैवत कोणतं तुमचं?" नानांनी विचारलं.

"आम्ही बौद्ध आहोत, नाना."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी पेला तसाच टेबलावर ठेवला आणि बस सुटेल म्हणून घाईने निघाले.

दुसऱ्या दिवशी समीक्षा साहेबांकडे गेली. ते शेवटचं वाक्य काढू का, म्हणून विचारलं.

साहेब म्हणाले, "राहू दे. लोक टाळ्या त्यालाच वाजवतात."