दादाचे बुडबुडे

माझा थोरला भाऊ विहिरीत पडलेल्या मोटारी काढतो. चौसाळ्याच्या आसपास कुणाची पाण्यातली मोटार अडकली, पाइप निसटला, की दादाला बोलावणं येतं. तो कमरेला दोर बांधतो, छाती भरून श्वास घेतो, तळाशी जाऊन मोटारीला गाठ मारतो आणि वर येतो. तो वर येईपर्यंत काठावरची माणसं चिडीचूप असतात. त्या शांततेची त्याला चटक लागली आहे.

लहानपणी मी विहिरीत पडले तेव्हाही यानंच बुडी मारून मला बाहेर काढलं. मला ते आठवत नाही, पण विसरण्याची सोय त्यानं ठेवलेली नाही. लग्न असो, बारसं असो, भर पंगतीत तो माझ्याकडे बोट दाखवतो. "हिला मीच काढलेली हाय विहिरीतून. न्हाईतर आज कुठं असती ही?" माझ्या लग्नात त्यानं हे माझ्या सासऱ्यांना ऐकवलं, तेही अक्षता पडायच्या आधी.

नोकरीमुळे मी बरीच वर्षं कोकणात होते. तिथं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकले, पुढे शिकवायलाही लागले. बीडला परत आले तेव्हा इकडच्या काही पट्टीच्या पोहणाऱ्यांनी मिळून बचाव पथक काढायचं ठरवलं होतं. त्यांना शिकवायला माझे कोकणातले सर यायला तयार झाले. पहिलं नाव अर्थातच दादानं दिलं.

या विद्येत एक नियम पहिल्या दिवशी सांगतात आणि शेवटपर्यंत सांगत राहतात. श्वास रोखायचा नाही. टाकीतली हवा खोल पाण्यात छातीत भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलं, तर ती आतल्या आत फुगत जाते आणि फुप्फुस फाटतं. माणूस मरतो. एवढं साधं आहे. आणि आमच्या विहिरींवर पोरांना शिकवतात काय? दम कोंड. ज्याचा दम लांब, तो गडी खरा.

सराव आमच्याच विहिरीत चालायचा. खाली माणूस श्वास सोडतो तेव्हा वर बुडबुडे येतात. इतरांचे यायचे. दादाचे यायचे, मग बराच वेळ यायचे नाहीत.

"दादा, तू परत श्वास रोखलास."

"आगं, हवा वाचवीत होतो. कावून उगंच वाया घालायची?"

हवा वाचवत होता! ते काही दुष्काळातलं टँकरचं पाणी नव्हतं. मी फुगा फुगवून दाखवला, फोडून दाखवला. सरांनी हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर आला की तो टाकीचा काटा सगळ्यांना दाखवायचा. "बगा, माझी लई उरली." आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना एकेक करून विहिरीत ढकलावंसं वाटे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं खोडच जीव घ्यायला बसली होती.

शेवटची परीक्षा धरणात होती. पाण्याच्या मधोमध काळ्या खडकाचं एक लहानसं बेट आहे. धरण होण्याआधी ती टेकडी होती आणि तिच्यावर मेंढरं चरायची. अगदी नवख्यांना तिथं उतरवत नाहीत, कारण खडक थेट खाली जातो आणि गढूळ पाण्यात चार-पाच हातांपलीकडचं दिसत नाही. खडक उजव्या हाताला ठेवून बेटाला पाण्याखालून फेरी घालायची, जोडीदाराला सोडायचं नाही. फेरी नीट झाली की पथकात. दादानं पथकाच्या टी-शर्टाचं माप आधीच देऊन ठेवलं होतं. सरांनी त्याची जोडीदार म्हणून मला लावलं. "तुम्ही सांगाल तो निकाल," ते म्हणाले.

अर्धी फेरी झकास झाली. दादा शांत पोहत होता, बुडबुडे एकसारखे वर जात होते. चिलापी मासे खडकाच्या कपारीतून आमच्याकडे बघत होते. मला त्याचं कौतुक वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग पायथ्याशी दगडांचा गोल कठडा दिसला. पाण्याखाली बुडालेली जुनी विहीर होती ती. दादा कठड्यावर वाकला आणि त्याचे बुडबुडे थांबले. मी हात हलवला, पण त्यानं पाहिलंच नाही. तो डोकं खाली करून आत शिरला. मी त्याचा पाय धरून त्याला मागे ओढलं. डोळ्यांवरच्या काचेखाली त्याचे गाल फुगलेले होते. आणि आजवर प्रत्येक विहिरीतून निघाला तसा तो पाय मारत सरळ वर निघाला, तोंड मिटून.

मी एका हातानं त्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हातानं पोटात बुक्की घातली. भस्सकन बुडबुडे सुटले. मग त्याचा श्वास नीट चालू होईपर्यंत मी पट्टा सोडला नाही, आणि आम्ही सावकाश वर आलो.

बोटीवर सरांनी विचारलं, "कसं झालं?" दादा माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त.

"विहीर दिसली आणि श्वास रोखला," मी म्हणाले. "तसाच वर निघाला होता. त्याला पथकात घेऊ नका."

परतताना चौसाळ्याच्या हॉटेलात चहा समोर आल्यावर दादानं तोंड उघडलं. "तुला विहिरीतून काढली, त्याची ही परतफेड?"

पाण्यात न वाटलेली भीती मला आता वाटत होती. त्याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "हीच."

त्यानं बशीत ओतलेला चहा तसाच निवला.

पुढे लिंबागणेशला भाचीचं लग्न होतं. पंगत बसली आणि दादानं सवयीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला मीच काढलेली हाय विहिरीतून." मी मान खाली घालून पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"आन मला हिनं," तो म्हणाला. मग पोटावरून हात फिरवत त्यानं वाढप्याकडे भात मागितला.