तेलगिरणीचा तपास

हल्ली परदेशातले शेठ लोक एखाद्या देशात पैसा घालण्याआधी तिथली माणसं किती खातात याचा जाडजूड अहवाल विकत घेतात, असं वाचलं. हसू आलं. हे काम मी एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास पाथर्डीकडे फुकट केलेलं आहे.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर. माझ्या विधवा आत्याचं दोन एकर रान पाझर तलावात गेलं होतं आणि भरपाईचे पैसे, कसे कोण जाणे, खरोखरच तिच्या हातात पडले होते. एवढ्यात सहकारी तेलगिरणीचे शेअर निघाले. रान गेलेलं, पोटी मूल नाही. आत्याचं पुढचं सगळं त्या पैशांवर होतं. ती म्हणाली, "तू शिकलेला हाईस. मानसं खरी हायेत का, बघून ये. तू व्हय म्हनला तरच देते."

मी वहीत प्रश्न लिहून घेतले. जागा कोणाच्या नावावर, पैसा कोणत्या बँकेत, हिशेब कोण तपासणार. शेअर विक्रीच्या सभेला तासभर आधीच पोचलो. माळावर तारेचं कुंपण, भला मोठा फलक आणि 'यंत्रसामग्री' असं रंगवलेल्या सात-आठ लाकडी पेट्या होत्या. उन्हानं दमून एकीला टेकलो, तर ती सरकली. माझ्यासारख्या किडकिडीत मास्तराच्या धक्क्यानं गिरणीचं यंत्र सरकत नाही, एवढं विज्ञान मी चौथीला शिकवत होतो. दुसरी ढकलून पाहिली. तीही मोठ्या समजूतदारपणे सरकली.

तेवढ्यात मुख्य प्रवर्तक आले. "गुरुजी, तुमी खाली कशाला? वर स्टेजवर चला!"

पाहुण्याचा सत्कार करण्यात आमचा भाग कुणाला हार जाणार नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी मला फेटा बांधला, नारळ दिला, शाल पांघरली. ज्यानं चारचौघांत फेटा बांधला त्याला तिथल्या तिथे 'पेट्या रिकाम्या का हो?' असं विचारणं म्हणजे जेवल्या ताटात थुंकणं. वही खिशातच राहिली. मग दोन शब्द बोलायला मला उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच समोर लाउडस्पीकर! 'स्वच्छ कारभार' हे शब्द मी तीनदा वापरले. टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या, हेही सांगून टाकतो.

खाली उतरलो तर शेअरच्या टेबलापाशी आत्या. शेजारणींबरोबर गिरणीवाल्यांच्याच ट्रकमधून आली होती. अंगठ्याला शाई.

"आत्या, थांबायचं हुतं की जरा."

"आता कशाला थांबू? तू सोताच्या तोंडानं सांगितलं की समद्यांला."

तेव्हाही सांगता आलं असतं. पैसे अजून टेबलावरच होते. पण प्रवर्तक शेजारीच उभे राहून माझ्याकडे बघून हसत होते. मीही हसलो.

गिरणी काही उभी राहिली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आत्या ऊसतोडीला निघाली, त्या वयात, दुसऱ्यांच्या टोळीत. मी स्टँडवर गेलो तेव्हा ती कोपरगावच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये बोचक्यांवर बसली होती. मला लाज वाटत होती. तिनं वरूनच माझा हात धरला.

"जिवाला लावून घेऊ नगं. तुलाबी फशिवलंच की रं त्यांनी."

"व्हय," मी म्हणालो.