तीन पायांची घोडी

त्या रविवारी दुपारी रोहिणीच्या डोळ्यांसमोरून एक चित्र काही केल्या हलत नव्हतं: तिचा मुलगा मालोजी जीपखाली आडवा पडलाय आणि बाहेर नुसते त्याचे पाय दिसताहेत. खरं तर मालोजी तिच्या पुढ्यात पानावर बसून वरण-भात ओरपत होता, धुऊनही कोपरापर्यंत काळा, अगदी मजेत. तरी तिला पायच दिसत होते. कारण चार वाजता तो पुन्हा खाली जाणार होता.

एकोणतीस वर्षांचा हा घोडा मोहोपाड्याच्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासायच्या कामावर होता. एका गोळीचं वजन केसभर कमी भरलं तरी हा सगळा माल अडवून धरतो, असं त्याचे साहेब कौतुकाने सांगत. घरी आला की मात्र त्याला कशाचंच वजन कळेनासं होई. सातवीत असताना त्याने मिक्सर उघडून पुन्हा जोडला होता. मिक्सर फिरला, पण तीन स्क्रू उरले. ते रोहिणीने अजून मसाल्याच्या कपाटात एका डबीत जपून ठेवले होते, पुरावा म्हणून.

जीप त्याने खालापूरकडच्या एका फार्महाउसवाल्याकडून घेतली. तो तिला कंटाळला होता, यातच काय ते समजायला हवं होतं. दर रविवारी मालोजी आणि त्याच्यासारखेच दहा-बारा रिकामटेकडे नदीच्या पात्रात गाड्या घालायचे, मुद्दाम रुतवायचे, मग दोर लावून एकमेकांना ओढून काढायचे आणि जग जिंकल्यासारखे फोटो काढून घ्यायचे. ज्यांचं नाव त्याला ठेवलं, त्या थोरल्या मालोजींची उभी हयात बैलगाडी चिखलात रुतू नये या धास्तीत गेली होती. नातू चिखल शोधत हिंडत होता. लावणीला शेतावर चल म्हटलं की याच गड्याची कंबर धरायची.

दोन महिन्यांपासून जीप खड्ड्यात गेली की मागून भांडी आदळल्यासारखा आवाज येई. एकदा कडावला दुधाचं सांगायला रोहिणी त्याच्याबरोबर जीपमधून गेली होती, तेव्हा त्याने ती नाक्यावरच्या पोशाच्या गॅरेजपाशी थांबवली. पोशा डोंगराकडच्या वाडीतला, पन्नाशी उलटलेला, तीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस. त्याने मागच्या चाकाजवळच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीखाली पहार घालून एक हिसका दिला, कान लावला आणि म्हणाला, "बूस गेलाय." कमानीचं टोक जिथे गाडीला अडकतं, तिथल्या कडीत रबराची एक जाड नळी असते. तिचा भुगा झाला होता. मंगळवारी गाडी आणा, दोन तासांचं काम आहे, असं पोशाने सांगितलं. मालोजीने घरीच करणार असल्याचं जाहीर केलं. त्याने म्हणे मोबाइलवर सगळं पाहिलं होतं.

मालोजी कमानीचे फोटो काढण्यात गुंगला होता. पोशा रोहिणीकडे वळला.

"वयनी, घरी घोडी हाय ना?"

"आहे की, माळ्यावरचं काढायला."

"तीन पायांची?"

रोहिणीला हसू आवरेना. "घोडीला तीन पाय कुठे असतात रे पोशा?"

पोशाने हात पुसले. "आमच्यात असत्यात," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला.

बी. ए. झालेल्या रोहिणीने हा विनोद घरी येऊन दोनदा सांगितला. तिचे यजमान दशरथराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेपरातून डोकं वर काढत नसत, तेही दुसऱ्यांदा हसले. चारापर्यंत मोजता न येणाऱ्या माणसाच्या हाती लोक गाड्या कसे देतात, असंही ती म्हणाली होती.

शनिवारी संध्याकाळी मालोजीने घोडी मागितली, तेव्हा ती तिनेच माळ्याखालून ओढून दिली. सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेली, दीड हात उंचीची, चार पायांची लाकडी घोडी. तिच्यावर चढून रोहिणी दिवाळीत माळ्यावरचे डबे काढायची.

रविवारी सकाळी दहिवलीच्या घराच्या अंगणात लढाईच जुंपली. मालोजीने जॅकने जीपची मागची बाजू उचलली, सांगाडा घोडीवर टेकवला, चाक काढलं आणि जॅक आसाखाली सरकवून घेतला. मग तो खाली शिरला आणि घण घालू लागला. गंजलेला बोल्ट काही केल्या निघेना. मध्येच खालून आवाज आला, "आई, ती सतराची गोटी दे गं." रोहिणीने त्याच्या लहानपणच्या काचेच्या गोट्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर तो गाडीखाली पडल्या पडल्या खो खो हसला. गोटी म्हणजे नटावर बसणारी लोखंडी टोपी, ही विद्या त्याने आईला तिथूनच दिली. नंतर कमानीचं पुढचं टोक सोडवून, खाली ओढून त्याने गॅसच्या ज्योतीने रबर जाळलं. शेजारच्या सोनुबाईंनी वाळत घातलेले पापड उचलून आत नेले. मग एक लांब बोल्ट, एका बाजूला लहान गोटी, दुसऱ्या बाजूला मोठी गोटी, असं आवळत आवळत त्याने कडीत अडकलेली लोखंडी नळी बाहेर ढकलली. हे त्याने चांगलं केलं, हे रोहिणीलाही मान्य करावं लागलं. अर्थात मनातल्या मनात.

पुढच्या टोकाचा बूस निघाला होता. मागच्या टोकाचा राहिला होता, आणि तिथला बोल्ट आणखी चिवट होता. दीड वाजता मालोजी हातपाय धुवायला गेला. रोहिणी त्याचा टॉवेल उचलायला अंगणात आली आणि तिची नजर घोडीवर गेली. एक पाय बाहेरच्या बाजूला कलला होता. खाचेत बसवलेलं त्याचं टोक बोटभर बाहेर आलं होतं आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. तिने उगाचच पाय मोजले. एक, दोन, तीन, चार.

गॅरेजातली गोटी ही गोटी नसते. मग गॅरेजातली घोडी?

पोशाचं "आमच्यात असत्यात" तिला आता ऐकू आलं. तो गाडी पेलणाऱ्या, लोखंडाच्या तीन पायांच्या कसल्याशा स्टँडबद्दल विचारत होता, आणि ही त्याला प्राण्याचे पाय शिकवत बसली होती.

जेवताना तिने मालोजीला सांगून पाहिलं. तो हसून म्हणाला, "अगं, सकाळपासून उभी आहे ना ती? आणि तूच तर दिलीस." दशरथरावांनी पेपराआडून आता एकच बूस राहिल्याची बातमी पुरवली. बाबांची वस्तू आहे, मजबूत असणार, असंही वर सांगितलं. त्या वस्तूवर आजवर फक्त आपण चढलो आहोत आणि आपलं वजन जीपइतकं नाही, हे रोहिणीने त्यांना सांगितलं. ते पान उलटून खेळाच्या बातम्यांकडे गेले.

मालोजी पाटावरून उठला, पंख्याखाली आडवा झाला आणि घोरू लागला. तिने घोडी काढून घ्यावी तर जीपच खाली येणार. मालोजीला आईचं ऐकायचं नव्हतं, बापाला बोलायचं नव्हतं. गाडीच्या बाबतीत मालोजीने आजवर एकाच माणसाचं निदान मुकाट मानलं होतं, पहार हातात घेतलेल्या त्या माणसाचं.

पोशाचा नंबर स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर होता. त्याच्याच गॅरेजने वाटलेलं कॅलेंडर, देवाच्या चित्राखाली ठळक अक्षरांत. रोहिणी त्याच्यावर दुधाचे खाडे मांडायची, पण नंबर कधी वाचला नव्हता. आता पोशा हसेल. उद्या सगळ्या नाक्याला सांगेल, आणि सांगायचा त्याला पूर्ण हक्क होता. हसू दे. हसत हसत का होईना, टेंपोत घालून ती तीन पायांची घेऊन येऊ दे.

घड्याळात तीन चाळीस झाले होते. आजवर तिने त्याला नुसतं "अरे पोशा" म्हटलं होतं. मोबाइल हातात घेऊन तिने पहिलं वाक्य मनात जुळवलं, एकदा मोडलं, पुन्हा जुळवलं, आणि नंबर दाबायला घेतला.

"पोशादादा, दहिवलीहून मालोजीची आई बोलतेय. आमच्या घोडीला चार पाय आहेत."