कारण : पाऊस

"ठेव तिथं. पायरीवर."

मी चिठ्ठी पायरीवर ठेवली आणि तीन पावलं मागं सरलो. अण्णांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी, तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं. चिठ्ठीवर शिंपडलं. मग दोन बोटांनी ती उचलली, स्वतःच्या पेनानं सही केली आणि वरूनच खाली सोडली. माझ्या पायाशी येईपर्यंत सहीची शाई पसरली होती.

पहिल्याच महिन्यात ते हसत म्हणाले होते, "बुद्ध झालास म्हणून हात बदलला काय रं तुझा?"

मीही हसलो होतो. हे लिहायलाच हवं. मीही हसलो होतो.

आमच्या धर्मांतराला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. मी कर्जतला एका सरकारी ऑफिसच्या भांडारात मोजणीला होतो. खिळे, पाइप, सिमेंटच्या गोणी. क्वार्टर्स कमी होती. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांचं खोलीभाडं ऑफिस परस्पर घरमालकाला मनिऑर्डरनं पाठवी. त्यासाठी दर महिन्याला एक छापील चिठ्ठी मिळे. 'भाडेकरू राहतो' या ओळीखाली मालकाची सही आणायची, ऑफिसात परत द्यायची. एवढंच.

सात घरमालकांनी ती चिठ्ठी पाहिली. सातही जणांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग खोली कालच दिली असं सांगितलं. आठवे अण्णा. त्यांच्या परड्यात पेंढा ठेवायची खोली होती. दहा फूट बाय आठ. खिडकी नाही. येण्याजाण्याची वाट मागून. सरकारचे पैसे बुडत नाहीत, म्हणून त्यांनी ती दिली. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा तेव्हा मी दोनदा परड्यात होतो. त्या नोटांवर अण्णांनी पाणी शिंपडलं नाही.

मला ती खोली हवी होती. आमची वाडी कशेळे गावाच्याही पलीकडं, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. पहिल्या खेपेला इंदूला, माझ्या बायकोला, बैलगाडीत घालून कर्जतच्या दवाखान्यात आणताना पोर वाटेतच गेलं. मुलगा होता. आता इंदूला पुन्हा दिवस गेले होते. पेंढ्याच्या खोलीपासून दवाखाना चारशे दहा पावलांवर. मी तीनदा मोजली होती.

म्हणून पाणी सोसलं.

पण चिठ्ठी भिजली की साहेबांची सही आणि आकडा दोन्ही फुटायचे. हेडक्लार्क ती परत करायचे. भिजलेली चिठ्ठी जोडून ऑफिसातच दुसरी प्रत करून घ्यायची तर अर्ज, आणि अर्जात कारणाचा रकाना. श्रावणात मी लिहिलं, 'पाऊस'. भादव्यात लिहिलं, 'पाऊस'. आश्विनातही चाललं. कार्तिकात हेडक्लार्कांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला. मार्गशीर्षात लिहिलं, 'दव'.

पौषात मी पुन्हा 'पाऊस' लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.

हेडक्लार्कांनी अर्ज सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "आरे, पौषात कुठला पाऊस पडतो रं तुझ्याकडं? आमी काय दुसऱ्या मुलखात राहतो?"

सगळं ऑफिस हसलं. शिपाईसुद्धा.

मी भांडारात एक खिळा कमी भरला तर पुन्हा मोजणारा माणूस. आणि सहा महिने सरकारी कागदावर खोटं लिहीत होतो. कुणाची लाज झाकायला? पाणी शिंपडलं त्यांनी. खोटं मी.

मी अर्ज परत घेतला. 'पाऊस' खोडलं. लिहिलं, 'घरमालक माझ्या हातची चिठ्ठी पाणी शिंपडून घेतात.'

हेडक्लार्कांचा आवाज खाली आला. "हे खोड. असं लिहीत नाहीत."

"झालंय ते लिहिलंय, साहेब."

"खोली जाईल. बायकोला कितवा चाललाय?"

"आठवा."

"मग खोड ना बाबा."

"नाही खोडणार."

ऑफिसनं अण्णांकडं पत्रानं खुलासा मागितला. ते पत्र घेऊनच अण्णा परड्यात आले. "माझं नाव सरकारात घालतोस? आठ दिवसांत खोली मोकळी कर."

आम्ही चौथ्या दिवशी निघालो. गाडीत इंदू भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. वाटेत म्हणाली, "तुमी पाऊसच लिवला आसता, तर आनखी दोन मयने निघालं आसतं."

मी पोतं तिच्या पाठीशी नीट सरकवलं.

माघात वाडीवर मुलगी झाली. जगली. इंदूचं अंग मात्र पुन्हा सावरलं नाही. सात वर्षांनी ती गेली. त्या चारशे दहा पावलांचा त्यात वाटा किती, हे मला मोजता येत नाही.

आता शिळफाट्याला माझं स्वतःचं घर आहे. एक खोली भाड्यानं द्यायची होती. गेल्या महिन्यात एक कातकरी जोडपं आलं. नवऱ्याला नवी नोकरी, हातात त्याच्या ऑफिसची तशीच भाड्याची चिठ्ठी. मी दारात उभा होतो. मी काही बोलायच्या आत त्यानं वाकून चिठ्ठी माझ्या पायरीवर ठेवली आणि मागं सरला. तीन पावलं.

माझ्याही पायरीवर.

"उचल ती," मी म्हणालो. "हातात दे."

त्यानं बायकोकडं पाहिलं. मग दिली. मी तिथंच सही करून ती त्याच्या हातात परत दिली.

संध्याकाळी शेजारी आले. आमच्यातलेच, माझ्याबरोबर दीक्षा घेतलेले. म्हणाले, "कातकऱ्याला खोली? उद्या आमी तुमच्याकडं पानी प्यायचं का नाय?"

मी म्हणालो, "नका पिऊ. पण का पीत नाही, ते कागदावर लिहून सही करून द्या. मी ते दाराला लावतो."

अजून कुणी दिलेलं नाही. दाराला खिळा ठोकून ठेवला आहे.